आधी भरायचा बोल्ट

त्यांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. आवाज मात्र लगेच येतो, आणि तो नेहमी जमिनीलगतून येतो. आधी दोन तळवे दिसतात, टाचांच्या भेगांत ग्रीसच्या काळ्या रेघा, मग खाकी पँट, आणि गुडघ्यांच्या पुढे नुसती ट्रकची सावली. त्या सावलीतून कुणीतरी निवांतपणे म्हणतं, "या डाक्टरबाई. बसा. आज कोनाची गाय?"

वैनगंगेकडच्या शहापूरला गुरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. साताऱ्याकडची मी, पहिलीच नोकरी, आणि इथली बोली कानाला अजून नवखी. घराच्या एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, आणि मधल्या अंगणात मोहाच्या झाडाखाली उभा त्यांचा ट्रक. अंगण ट्रकसाठीच केलेलं होतं. उरलेल्या जागेत घर बांधलं असावं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं. पुढे ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "असंच हाय ते."

साठी ओलांडली होती त्यांनी. तरुणपणी ट्रक घेऊन पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेले. आता आसपासच्या गावांतून मिलपर्यंत धान आणायचं, मिलमधून तांदूळ न्यायचा, एवढंच. पण गाडीचं तेल मात्र त्यांनी उभ्या जन्मात कुणाला बदलू दिलं नाही. गिअरबॉक्सचं एक आणि मागच्या 'हौसिंग'चं एक. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा लटकतो ना, त्याला ट्रकवाले हौसिंग म्हणतात. गॅरेजवाले सांगायचे, वर्षातून एकदा बदललं तरी पुष्कळ झालं. हे दोनदा बदलायचे, आणि तेही घरच्या अंगणात. मिस्त्री हसायचे. ते म्हणायचे, "हसाले का लागते? त्याची गाडी थोडीच हाय."

तेल बदलण्याचा दिवस घरात सणासारखा ठरलेला असायचा. सकाळी गाडी रिकामीच बाहेर काढायची आणि वैनगंगेवरून कारध्यापर्यंत जाऊन परत यायचं. तेल अंगात फिरलं पाहिजे, कोमट झालं पाहिजे. "थंडं तेल खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. गाळ खाली बसून राहतो आणि वरचं वरचं तेवढं बाहेर येतं. एकदा मलाही ते केबिनमध्ये बसवून घेऊन गेले. पूल आला तशी त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली नदी पसरली होती, पलीकडच्या काठावर धुकं, पाण्यात उभं राहून कुणीतरी जाळं झटकत होतं. पूल संपेपर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पान्याच्या वरतून जातांनी खडखड करू नाही. झोपली असन त उठते." नदी झोपलेली असते आणि आपण तिच्या अंगावरून चाललोय, हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मीसुद्धा घरी येईपर्यंत हळू आवाजात बोलत होते.

परत आलं की चाकांना दगड लावायचे, खाली पोतं अंथरायचं आणि पाना घेऊन आत शिरायचं. मग पहिला बोल्ट. इथे त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. तेल काढायचा बोल्ट खाली असतो, भरायचा वर कडेला. कुणीही आधी खालचा खोलेल, कारण आधी काढायचं आणि मग भरायचं. ते आधी वरचा खोलायचे.

"आधी कळस मग पाया," काकू चुलीपुढून टोमणा मारायच्या. "आमच्या बुढ्याचं सारंच उलटं."

"उलटं नोहे," खालून उत्तर यायचं. "डाक्टरबाई, तुमीच सांगा. खालचा खोलला, तेल सारं वाहून गेलं, अन् वरचा गंजून बसला, खुलतच नाही. पोट रिकामं अन् तोंड बंद. मंग का करान? भराची जागा खुलते का ते पहिले पाहा. मंगच रिकामं करा."

दोन्ही बोल्ट खुलले की खाली घमेली लावायची आणि थांबायचं. बाकी लोक धार संपली की पुरे म्हणतात. यांना शेवटचा थेंब हवा असायचा. आधी जाड धार, मग सुतासारखी बारीक, मग थेंब. थेंब सुरू झाले की ते पोत्यावर उताणे पडून राहायचे, हात पोटावर बांधलेले. दोन थेंबांमधलं अंतर वाढत जायचं. दुपार चढायची, मोहाची पानं टपावर पडायची, हायवेवरच्या गाड्यांचा आवाज एकसुरी होत होत ऐकूच येईनासा व्हायचा. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. मी सुटीच्या दिवशी पायरीवर पुस्तक घेऊन बसायचे आणि एक पान दोन-दोन तास चालायचं. इतकी शांत मी त्यानंतर क्वचितच कुठे राहिले असेन. ते सुख होतं, आणि ते सुख आहे हे मला तेव्हाच कळत होतं.

त्या दिवशी गावातले लोक बाटल्या घेऊन यायचे. जुनं तेल बैलबंडीच्या चाकांना चालतं, दाराच्या चौकटीला फासलं तर उदई, म्हणजे वाळवी, लागत नाही. तेल तर संध्याकाळपर्यंत मिळायचं नाही, मग लोक ट्रकशेजारी उकिडवे बसायचे आणि बोलायला लागायचे. यांना खालून फक्त त्यांची पावलं दिसायची. पावलांवरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "डावा पाय ओढून राहिला, म्हंजे संधिवात पुन्हा उठला तुहा," किंवा "जोडवी नवीन दिसून राहिली वो बाई, पोरानं घेतली का?" समोर तोंड नसलं की माणसं कशी मोकळी होतात, ते मी तिथे पाहिलं. भावाशी अबोला धरलेला माणूस ट्रकच्या चाकाला सांगितल्यासारखं सगळं सांगून जायचा. हे मधूनच "हं" म्हणायचे. सल्ला क्वचित द्यायचे, आणि दिला तर तो हटकून गाडीचाच असायचा.

माझीही पावलं त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात ओळखली. "तुमचा एक पाय नेमी मांगं राहाते. गाय लात मारन म्हनून. चुलीपाशी उभ्या राहिल्या तरी मांगंच." मी पाहिलं तर खरंच माझा उजवा पाय वीतभर मागे होता. आणखी एक त्यांनी पकडलं. माझ्या डाव्या सँडलचा पट्टा तुटला होता आणि मोची सापडेना, म्हणून मी तो दवाखान्यातल्या दोऱ्याने शिवला होता. खालून खो-खो हसू आलं. "गाईचे टाके चपलीले! अवो, आयकलं का? डाक्टरबाईनं चप्पल जिती केली!" पुढे महिनाभर काकू भेटेल त्या बाईला ही गोष्ट सांगत होत्या.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक म्हैस गेली. अडलेली होती, मला बोलवायलाही उशीर झाला होता, पण मालकिणीचं ते रडणं काही माझ्या कानांतून जाईना. मी राजीनामा लिहिला आणि तेलाच्याच दिवशी चाकाशेजारी बसून त्यांना सांगितलं की मी परत जाते. 

"तिकडं जाऊन का करान?"

"ठरवलं नाही अजून."

"मंग खालचा बोल्ट कायले खोलून राहिल्या?" ते म्हणाले. बाकी काही नाही. तो राजीनामा मी चुलीत घातला नाही, फाडलाही नाही. आजही कुठल्यातरी फायलीत असेल. पण मी राहिले.

हौसिंगबद्दल ते जितक्या मायेने बोलायचे तितकं मी त्यांना देवाबद्दलही बोलताना ऐकलं नाही. वळणावर आतलं चाक थोडं फिरतं, बाहेरच्याला जास्त फिरावं लागतं. हौसिंग दोघांना आपापल्या चालीने जाऊ देतं. "दोघाईले सारखंच फिरवाले गेले, त टायर घासते. आता आमची बुढी अन् मी. ते आतून चालते, मी बाहेरून. चाळीस वर्सं झाली, टायर शाबूत हाय." आतून काकूंनी भांडं जरा जोरातच आदळलं, पण रागाने नसावं.

आणि त्या चिंध्या! काढायच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो, आतल्या दात्यांची झीज त्याला चिकटते. ती ते पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पुसायचे, उन्हात धरून बोटाने चोळायचे. धानाच्या मुलखातला माणूस. त्यांची मापंही तीच. "पीठ आलं त भेव नाही. कनी आली, त समजा दात तुटला." काळपट, चमचम करणारं ते पीठ बघून त्यांचा चेहरा खुलायचा. प्रत्येक वेळची चिंधी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. तीसेक वर्षांच्या त्या चिंध्यांत एकदाही कणी नव्हती.

इतकं सगळं जपण्यामागे आणखीही एक कारण होतं. एकदा लाखनीच्या पुढे, भर पावसात त्यांची गाडी बंद पडली होती. मोबाईल लागेना. अर्धा दिवस ते रस्त्याकडेला भिजत उभे होते आणि नंतर आठवडाभर तापाने फणफणले. नागपूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा तेव्हापासून गाडी विका म्हणून मागे लागला. तो काही वाईट नव्हता, घाबरला होता. शेवटी बापलेकांत करार झाला, तोही काकूंसमोर: ज्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहील, त्या दिवशी विकायची, त्यावर बोलायचं नाही. यांनी लगेच हो म्हटलं. आपली गाडी उभी राहणारच नाही, याची खात्री होती त्यांना. पण गाडी गेली तर या माणसाकडे काय उरेल, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं तिथलं चौथं वर्ष असेल. हिवाळ्यातला तेलाचा दिवस होता, आणि नेमका रविवार म्हणून मुलगाही घरी आलेला. दुपारी गिअरबॉक्सचं नवं तेल भरून झालं. हौसिंगचे थेंब अजून चालू होते, तेवढ्यात आंबागडकडून एक म्हातारे गृहस्थ आले. तरुणपणी दोघांनी एकाच गाडीवर पाळीपाळीने रात्रंदिवस स्टिअरिंग धरलेलं. यांनी खालून पावलं पाहिली, "अरे बाप्पा!" म्हणत बाहेर आले, आणि मग नुसता हशा. जुने घाट, जुने ढाबे, रस्ता चुकून पोचलेली गावं. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा पाहुणे उठले. हे पुन्हा खाली शिरले, बोल्ट आवळले, पाने पुसून ठेवले आणि हात धुवायला माझ्या शेजारी आले.

"चांगला मानूस होता," ते म्हणाले. "कोन होता वो तो?"

मला गंमत वाटली. मी हसले. ते हसले नाहीत, हे मला उशिरा जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत माझ्या औषधांच्या खोक्याशेजारी तेलाचे दोन डबे होते. एक रिकामा. दुसऱ्याच्या तोंडावरचं सील तसंच होतं. मी तो हलवून पाहिला, काठोकाठ भरलेला. गाड्यांमधलं मला काही कळत नाही, पण चार वर्षं त्या पायरीवर बसले होते मी. हौसिंग कोरडं होतं. त्यांनी ते रिकामं केलं होतं, आणि भरायचंच विसरले होते. त्यांनी.

बाहेर ते आरसा पुसत होते, किल्ली खिशात. मिलमधून तांदूळ भरून निघायचं होतं. कोरड्या हौसिंगवर गाडी किती लांब जाईल? चार कोस, पाच कोस. मग दाते जळतील आणि गाडी हायवेवर उभी राहील. मुलगा तिथेच, अंगणातल्या नळाशी दात घासत होता. सोमवारची रजा काढून तो राहिला होता, दुपारी नागपूरला निघायचं होतं. हाक मारून सांगावं तर तो ऐकणार. न सांगावं तर गाडी हातची जाणार. आणि सांगायचं तरी काय? तीस वर्षांत ज्याच्या चिंधीवर कणी आली नाही, त्याला तोंडावर सांगायचं, की काका, तुम्ही विसरलात? 

मला एकच जागा सुचली. ते पाण्याची बाटली आणायला वळले आणि मी ओढणी खोचून ट्रकखाली शिरले. आत ओल्या मातीचा आणि तेलाचा वास होता. मी उताणी पडून राहिले.

थोड्या वेळाने त्यांच्या चपला आल्या आणि थांबल्या.

"टाक्याची सँडल. डाक्टरबाई? तथी का करून राहिल्या?"

"काका," मी जमेल तितक्या हळू म्हटलं, "भरायचा बोल्ट एकदा पाहता का?"

 मग ते खाली बसले, पाना घेतला आणि सरपटत माझ्या शेजारी आले. हौसिंगचा कडेचा बोल्ट खोलला आणि भोकात तर्जनी घातली. तेल पुरतं असलं की बोट भिजून येतं. त्यांनी बोट बाहेर काढलं, अंगठ्यावर घासलं, डोळ्यांजवळ नेलं. बोट कोरडं होतं.

ते माझ्याकडे वळले नाहीत. वरच्या लोखंडाकडे बघत राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझे डोळे भरून आले आणि उताणी असल्यामुळे पाणी सरळ कानांत गेलं.

मग रबरी चपलांतली दोन पावलं आली. मुलगा.

"बाबा? काय झालं?"

काही नाही, असं म्हणता आलं असतं. मी तेच म्हणणार होते. त्यांनी माझ्या आधी तोंड उघडलं.

"गाडी उभी राहिली, बापू."

"कुठं?"

"अथीच."

"म्हणजे?"

"तेल नाही हौसिंगात. म्या काहाडलं, अन् भुललो." ते म्हणाले, "तू म्हनशीन ते. करार हाय."

रबरी चपला एकदा पडवीच्या दिशेने वळल्या, गेल्या, परत आल्या. धप्प आवाज झाला. मुलाने तेलाचा डबा खाली ठेवला होता, आणि तो हाताने ढकलत ढकलत चाकाच्या आत, आमच्यापर्यंत आणला.

"करार रस्त्याचा होता, बाबा," तो म्हणाला. "हे अंगण आहे." आणि तो पुन्हा नळाकडे गेला. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

हातपंपाने आम्ही दोघांनी तेल भरलं. भोकाच्या ओठाशी येऊन तेल सांडायला लागलं, तेव्हा त्यांनी बोट घातलं, भिजलेलं बोट मला दाखवलं आणि बोल्ट आवळला. त्या दिवशी ते गाडी घेऊन गेले नाहीत. पुढे स्टिअरिंगवर कारध्याचा एक ड्रायव्हर बसू लागला आणि हे त्याच्या शेजारी, टोपी मांडीवर घेऊन. हा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला. कुणी सांगायची वेळ येऊ दिली नाही. तेल मात्र त्यांच्याचकडे राहिलं, आणि मला एक काम लागलं. ते खाली शिरले की मी पायरीवर बसून कामाची एकेक पायरी मोठ्याने म्हणायची. मुलाने कागदावर लिहून चिकटवायचं सुचवलं होतं, ते त्यांना पटलं नाही. "कागदाले पाय नसते," ते म्हणाले.

माझी बदली झाली. मी पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लाखांदूरला गेले, मग जिल्ह्याबाहेर. वर्षातून दोनदा फोन यायचा. मुलगा किंवा काकू फोन लावून द्यायच्या आणि तो ट्रकखाली, त्यांच्या कानापाशी ठेवला जायचा. मी कुठेही असले, गोठ्यात असले तरी, बाजूला होऊन एकेक पायरी सांगायची. मध्ये थेंब पडताना आम्ही दोघं काहीच बोलायचो नाही. फोनवर दुसऱ्याचं अंगण ऐकत उभं राहायचं. माझी कितीतरी कामं त्यापायी खोळंबली, आणि एकदाही मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गेल्या खेपेला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या गच्चीवर होते. मी म्हटलं, "हं काका, खाली गेलात?"

तिकडून मग, फार सभ्यपणे, "कोन बोलून राहिलं, बाई?"

मी नाव सांगितलं. "नाही वो," ते म्हणाले. "आवाज चांगला हाय. पर पाय दिसून नाही राहिले, त कसं सांगू?"

 मी खाली पाहिलं. उजवा पाय वीतभर मागे होता. आता मी गुरांना हात लावत नाही, फक्त कागदांवर सह्या करते, तरी.

"काका, माझा एक पाय मागे असतो," मी म्हटलं.

फोनमध्ये मोहाची पानं वाजत होती. 

"गाय लात मारन म्हनून?"

"हो."

"अन् डाव्या चपलीले टाके हाय?"

ती सँडल मी कधीच टाकून दिली होती. "आहेत," मी म्हटलं.

"मंग सांगा, डाक्टरबाई," ते म्हणाले, आणि पाना लोखंडावर टेकल्याचा आवाज आला. "पहिले कोनता?"

"भरायचा, काका," मी म्हटलं. "आधी भरायचा."